हेल्मेट काढल्यावरचे उपद्व्याप

पिटवॉल

इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीचे दिवस. आयर्टन सेन्ना आणि गेरहार्ड बर्गर हे फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर एकाच हेलिकॉप्टरमधून निघाले होते. सेन्नाकडे नवी ब्रीफकेस होती, कार्बन फायबरची. फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडा ज्यातून घडवतात त्याच मालाची. ही कशानंही फुटणार नाही, असं तो कौतुकानं सांगत होता. बर्गरनं ऐकून घेतलं, हेलिकॉप्टरचं दार उघडलं आणि ब्रीफकेस खाली सोडून दिली. फुटते की नाही ते बघायला.

माझा मोठा भाऊ सेन्नाचा भक्त. कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं त्यानं पिवळ्या हेल्मेटचं कात्रण चिकटवलं होतं, आतून अशासाठी की आईला दिसू नये. त्या कात्रणातला सेन्ना कधी हसताना नव्हता. डोळे कुठेतरी लांब लागलेले, कपाळावर आठ्या. त्यामुळे हा ब्रीफकेसचा किस्सा भावानं सांगितला तेव्हा मला आधी पटलाच नव्हता.

मॅक्लारेन या टीममध्ये १९९० ते १९९२ अशी तीन वर्षं हे दोघं टीममेट होते. हा खेळ न बघणाऱ्यांसाठी सांगतो, फॉर्म्युला वनमध्ये टीममेट हाच पहिला शत्रू. बाकीच्यांपुढे हरलं तर गाडीवर ढकलता येतं. टीममेटकडे मात्र तुमचीच गाडी असते, त्यामुळे पळवाट नाही. सेन्नाचं आधीच्या टीममेटशी, आलाँ प्रोस्तशी, किती विकोपाला गेलं ते १९८९ च्या सुझुकात, म्हणजे जपानच्या शर्यतीत, दोघांच्या गाड्या एकमेकांवर आदळल्या तेव्हा सगळ्या जगानं पाहिलं. त्याच प्रोस्तच्या जागी बर्गर आला. त्यानं भांडण काढलं नाही, खोड्या काढल्या.

ऑस्ट्रेलियात त्यानं सेन्नाच्या हॉटेलच्या खोलीत, थेट पलंगात, बेडूक सोडले. सेन्ना तासभर बेडूक पकडत बसला. मग चिडून जाब विचारायला गेला, तर बर्गरचाच उलटा प्रश्न: साप सापडला का? सेन्नानंही उधारी ठेवली नाही. बर्गरच्या खोलीतल्या एसीत त्यानं उग्र वासाचं चीज दडवलं. पुढे बर्गरनं सेन्नाच्या पासपोर्टमधला फोटो काढून तिथे एक अश्लील फोटो चिकटवला. अर्जेंटिनात पासपोर्ट दाखवायची वेळ आली तेव्हा अधिकाऱ्यांनी सेन्नाला चोवीस तास अडकवून ठेवलं. परतफेड म्हणून त्यानं बर्गरची सगळी क्रेडिट कार्डं गोंदानं एकमेकांना चिकटवून टाकली. त्यांचा बॉस रॉन डेनिस हे किस्से पुढे रंगवून सांगायचा.

मला वाटतं, समोरच्यावर भरवसा असल्याशिवाय अशी खोडी काढता येत नाही. ज्याच्याशी खरं वैर आहे त्याच्या पलंगात कुणी बेडूक सोडत नाही. म्हणून ड्रायव्हर ट्रॅकबाहेर काय करतात याकडे मी लॅप टाइमइतक्याच, म्हणजे एका फेरीला लागलेल्या वेळाइतक्याच, बारकाईनं बघतो. कोण कुणाला किती मानतो ते तिथे कळतं.

तुम्हाला माहीत असलेले किस्से इथे लिहा. फॉर्म्युला वनच पाहिजे असं नाही.

नागपुरी संत्रं

फिनलंडचा ड्रायव्हर किमी रायकोनेन आल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही, म्हणून मीच लिहितो.

मोनॅको २००६. किमी मॅक्लारेनमध्ये, दुसऱ्या नंबरवर, आणि गाडी मागून पेटली. दुसरा कुणी असता तर पिटमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजपाशी, परतला असता, इंजिनियरसमोर बसला असता, पत्रकारांना तोंड दिलं असतं. हा हेल्मेट न काढता बंदराच्या बाजूनं चालत सुटला आणि सरळ आपल्या बोटीवर गेला. थोड्या वेळानं टीव्हीच्या कॅमेऱ्यानं त्याला शोधून काढलं, तर शर्ट काढून मित्रांबरोबर डेकवर. खाली शर्यत अजून चालूच होती.

२००९ चं मलेशिया मी स्वतः टीव्हीवर पाहिलंय. संध्याकाळी उशिरा सुरू केलेली शर्यत, सेपांगचा तो आडवातिडवा पाऊस, लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवलेली. सगळे ड्रायव्हर ग्रिडवर गाडीत बसून राहिले, कुणावर छत्री धरलेली, कुणी रेडिओवरून विचारतोय की पुन्हा सुरू होणार का. आणि कॅमेरा फेरारीच्या गॅरेजमध्ये गेला तर किमी हाफ पँटवर, हातात चॉकलेटचं आइस्क्रीम. शर्यत पुन्हा सुरू झालीच नाही आणि सगळ्यांना अर्धे गुण मिळाले. म्हणजे सगळ्यांत आधी परिस्थिती ओळखली ती त्यानंच.

आणि २००७! फिनलंडमध्ये बर्फावरच्या स्नोमोबाईल शर्यतीत तो उतरला, नाव लावलं जेम्स हंट. जिंकलाही. त्याच उन्हाळ्यात हांकोला मोटारबोटींच्या शर्यतीत तो आणि त्याचे मित्र गोरिलाचे पोशाख घालून उतरले. त्याच वर्षी तो जगज्जेता झाला, ११० गुण. हॅमिल्टन आणि अलोन्सो दोघंही १०९.

कडेचा बाक

संत्रंभाऊ, जेम्स हंटचंच नाव का, तेही सांगायला हवं होतं. हंट १९७६ चा फॉर्म्युला वन जगज्जेता, ६९ गुण, निकी लाउडा ६८. तोही एकाच गुणानं! किमी हंटला फार मानतो. २०१२ ला मोनॅकोत त्यानं हेल्मेटवरही हंटचं नाव लावलं होतं.

हंट समारंभांना अनवाणी जायचा, सूट घालणाऱ्यांच्या गर्दीत टी-शर्टवर. त्याचा अल्सेशियन कुत्रा ऑस्कर त्याच्याबरोबर हॉटेलात जेवायला असायचा. त्याच्या बाकी भानगडी सगळ्यांना तोंडपाठ आहेत, मी त्या इथे उगाळत नाही. मला त्याची एक गोष्ट फार आवडते. त्यानं बजरीगर पाळले होते. पिंजऱ्यातले ते इवले रंगीत पोपट. नुसते पाळले नाहीत, त्यांची पैदास करायचा आणि पक्ष्यांच्या प्रदर्शनांत घेऊन जायचा. शर्यतीआधी पोटातली कालवाकालव सहन न होऊन ओकणारा हा माणूस पोपटांचं दाणापाणी मात्र मन लावून बघायचा. आमच्या वाड्यात एक काका बजरीगर पाळायचे, म्हणून मला माहितीय, त्या पक्ष्यांशी घाई करून चालत नाही. आवाज चढवला तरी ते घाबरतात.

निवृत्तीनंतर हंट जुनी ऑस्टिन व्हॅन चालवायचा. १९९३ मध्ये गेला, वय फक्त ४५.

दोन चाकांवरची

पिटवॉल, तुम्ही म्हणालात फॉर्म्युला वनच पाहिजे असं नाही, म्हणून हक्कानं लिहिते. या विषयात मोटरसायकलच्या शर्यतींतल्या व्हॅलेंटिनो रोसीच्या जवळपास कुणी नाही. तो जिंकायचा, आणि जिंकून परत येतानाच्या लॅपमध्ये अख्खं नाटक बसवलेलं असायचं.

१९९९, हेरेस. जिंकल्यावर परतीच्या लॅपमध्ये बाइक कडेला लावली, धावत मार्शल लोकांच्या फिरत्या संडासात गेला, दार लावून घेतलं. स्टँडमधले लोक वेडे झाले. मग बाहेर आला, बाइकवर बसला आणि पुढे निघाला.

२००२, मुजेलो. त्याच्या घरचं मैदान. जिंकला आणि परत येताना ट्रॅकवर वाहतूक पोलिसांनी अडवलं. पावती फाडली, अतिवेगाबद्दल. पोलीस अर्थातच सोंग घेतलेले मित्र होते. आपल्याकडे सिग्नलला मामांनी बाजूला घेतल्यावर चेहरा जसा होतो ना, अगदी तसा चेहरा करून तो उभा होता.

२००५ ला सातवं विजेतेपद मिळालं तेव्हा हिमगौरी आणि सात बुटके आले. मग दोन वर्षं विजेतेपद हुकलं. २००८ ला मोटेगीत परत मिळवलं तेव्हा ट्रॅकच्या कडेला एक टेबल मांडलेलं, टेबलामागे नोटरी. नोटरीनं कागदावर शिक्का मारून विजेतेपद कायदेशीर करून दिलं. रोसीच्या टी-शर्टवर लिहिलेलं, उशीर झाला, माफ करा. २००९ ला नववं विजेतेपद, सेपांग, तेव्हा कोंबडी. इटलीत म्हण आहे की म्हातारी कोंबडी रस्सा चांगला देते. तीस वर्षांचा झाला होता, लोक म्हातारा म्हणायला लागले होते, त्यांना हे उत्तर.

पण माझ्या सगळ्यात जवळचा किस्सा मिसानोचा, २००९. आदल्याच आठवड्यात इंडियानापोलिसला तो पडला होता, चूक पूर्णपणे त्याची. मिसानोत आला तो हेल्मेटवर गाढवाचं तोंड रंगवून. म्हणजे मी गाढवपणा केला, हे अख्ख्या जगाला डोक्यावर लावून सांगितलं. आणि ती शर्यत जिंकला, आणि पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, गाढवाचे लांब कान लावून उभा राहिला. मी तेव्हा नोकरीत एक मोठी चूक करून बसले होते, आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. ते कान बघून मी सोमवारी साहेबांकडे गेले आणि सरळ सांगितलं, चूक माझी आहे. तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

दुसरा बाइकवाला हॉर्हे लोरेन्झो, त्यानं २०१० ला हेरेसला जिंकल्यावर लेदरच्या सूटसकट तळ्यात उडी मारली होती. सूटमध्ये पाणी भरलं आणि त्याला काठावर यायला जड गेलं. ते बघताना माझ्या पोटात गोळा आला होता. असलं करू नये.

सांगलीची आजी

माझा नातू हे सगळं बघतो म्हणून मीही बसते त्याच्याजवळ. तो बुटातून पितो तो मुलगा कोण? सारखा हसतो तो. मुलगा गोड आहे पण बुटातून पिणं मला नाही बघवत. आमच्याकडे वहीला पाय लागला तरी नमस्कार करायला लावतात.

पिटवॉल

आजी, तो डॅनियल रिकार्डो, ऑस्ट्रेलियाचा. २०१६ ला जर्मनीत हॉकेनहाइमला दुसरा आला तेव्हा फॉर्म्युला वनच्या पोडियमवर त्यानं पहिल्यांदा बूट काढून त्यात शॅम्पेन ओतली आणि प्यायला. दीड तास गाडीत पाय शिजल्यावरचा तो बूट, त्यामुळे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ही पद्धत त्याची स्वतःची नाही, ऑस्ट्रेलियातल्या पोरांची आहे. नंतर पोडियमवर मुलाखत घ्यायला येणाऱ्यांनाही तो पाजायला लागला. २०१७ ला माँट्रियलमध्ये पॅट्रिक स्ट्युअर्ट हा ज्येष्ठ नटही प्यायला, तोही भरपूर. २०२० ला इमोलात हॅमिल्टननंही घेतला तो बूट.

जाणारा-येणारा प्रत्येक जण त्याच्या घाणेरड्या बुटातून प्यायला तयार व्हायचा, यात त्या मुलाबद्दल सगळं आलं.

सरळ रेषा

मी जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा.

पासपोर्टचा किस्सा मला विनोदी वाटत नाही. परक्या देशात चोवीस तास अडकून पडणं काय असतं ते मी अनुभवलंय, कागदातल्या एका चुकीमुळे. तिथे कुणी आपलं नसतं, तास मोजत बसायचं. सेन्ना होता म्हणून निभावलं. एखाद्या साध्या मेकॅनिकच्या पासपोर्टशी असं केलं असतं तर?

दुसरं, आजकालच्या गमती मला पटत नाहीत. प्रत्येक टीमकडे व्हिडिओ काढणारी पोरं असतात, ड्रायव्हरांना खेळ खेळायला बसवतात. बर्गरनं ब्रीफकेस फेकली तेव्हा कुणी शूट करत नव्हतं.

पिटवॉल

राग कसला. पासपोर्टच्या बाबतीत तुमचं खरं आहे. तो प्रकार फार पुढे गेला होता.

तरी एक सांगतो. १९९१ ची सुझुका. सेन्नाचा प्रतिस्पर्धी मॅन्सेल वाळूत गेला आणि सेन्नाचं विजेतेपद तिथेच पक्कं झालं. शर्यत सेन्नाच्या हातात होती. शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर त्यानं वेग कमी केला आणि बर्गरला पुढे जाऊ दिलं. मॅक्लारेनमधला बर्गरचा तो पहिला विजय. अशा रीतीनं मिळालेला विजय बर्गरला फार गोड लागला नाही, पण सेन्नानं दुसऱ्या कुणासाठी हे केलं असतं असं मला वाटत नाही. १ मे १९९४ ला सेन्ना शर्यतीत गेला, त्यानंतर साओ पावलोत त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत बर्गर होता. सेन्नानं मला या खेळातलं खूप शिकवलं आणि मी त्याला हसायला शिकवलं, असं तो म्हणाला आहे.

कॅमेऱ्याबद्दल अर्धं मान्य. पण २०१५ चं ब्राझील आठवा. मॅक्लारेन-होंडाचं ते भयंकर वर्ष, अख्ख्या मोसमात २७ गुण. इंटरलागोसला क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत, अलोन्सोची गाडी बंद पडली. तो उतरला, ट्रॅकच्या कडेला एक फोल्डिंगची खुर्ची होती त्यात जाऊन बसला, पाय पसरले, तोंड सूर्याकडे केलं. कॅमेरा आपल्यावर आहे हे त्याला माहीत होतं. मग तो आणि जेन्सन बटन, दोघंही क्वालिफाइंगच्या पहिल्याच टप्प्यात बाद झालेले, रिकाम्या पोडियमवर चढले आणि खाली हात हलवून आले. दोन जगज्जेते, ज्यांना त्या वर्षी पोडियमवर जायचा दुसरा कुठलाही रस्ता नव्हता. हे कुठल्याही टीमनं ठरवून केलेलं नाही, ठरवलं असतं तर होंडानं होऊच दिलं नसतं.

हडपसर एक्सप्रेस

मी २७ ऑक्टोबर २०१३ ला ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वनच्या शर्यतीला होतो. पुण्याहून आम्ही चौघं रेल्वेनं गेलो होतो. रेड बुलचा ड्रायव्हर वेटेल तिथे चौथ्यांदा जगज्जेता झाला, भारतातल्या तिन्ही शर्यती त्यानंच जिंकल्या. तो प्रत्येक गाडीला बाईचं नाव ठेवायचा, त्या वर्षीची गाडी हायडी, भुकेली हायडी.

शर्यत संपल्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे गाडी थेट तपासणीच्या जागेत न्यायची होती. त्यानं ती मुख्य स्टँडसमोर थांबवली आणि गरागरा फिरवायला सुरुवात केली. आधी टायरचा आवाज, मग पांढरा धूर, मग जळक्या रबराचा वास आमच्या नाकात. धूर निवळला तर हा गाडीतून उतरून गाडीपुढे गुडघ्यावर. देवळात करतात तसे दोन्ही हात पसरून वाकला. माझ्या बाजूला एक सरदारजी कुटुंब होतं, त्यांच्या आजोबांनी आपोआप हात जोडले. मग वेटेल जाळीपाशी आला आणि हातमोजे प्रेक्षकांत फेकले. आमच्यापासून बरेच लांब पडले.

टीमला २५ हजार युरो दंड आणि त्याला ताकीद. त्यानंतर तिथे फॉर्म्युला वन परत आलंच नाही. माझ्यासाठी त्या मैदानाची शेवटची आठवण तो धूर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये बांद्र्याच्या बँडस्टँडवर जुना ड्रायव्हर कुल्थार्डनं रेड बुलची गाडी फिरवली तेव्हा मुद्दाम मुंबईला गेलो, तोच वास यावा म्हणून. आला!

दोन चाकांवरची

कुल्थार्डवरून आठवलं. मोनॅको २००६ ला तिसरा आला, रेड बुलचं पहिलं पोडियम, तर हा सुपरमॅनचा लाल झगा पाठीवर घालून वर गेला. आणि टीमचा तेव्हाचा बॉस ख्रिश्चन हॉर्नर बोलून बसला होता की पोडियम मिळालं तर मी पोहण्याच्या तलावात उडी मारेन. मारली. अंगावर फक्त तो झगा.

गव्हाची खीर

सरळ रेषा काका, मी २२ वर्षांची आहे आणि आताच्या ड्रायव्हरांची बाजू घेणार.

२०२५ च्या मायामीत शर्यतीआधीच्या मिरवणुकीला त्यांना लेगोच्या गाड्या दिल्या होत्या. खऱ्या आकाराच्या, चालवता येणाऱ्या, एकेका गाडीत सुमारे चार लाख ठोकळे, वजन दीड टन, वेग ताशी फक्त २० किलोमीटर. एका गाडीत दोन टीममेट. हा जाहिरातीचाच कार्यक्रम होता, मान्य. पण गाड्या हातात आल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांची शर्यत सुरू झाली. एकमेकांना ठोकत होते, वळणं कापून गवतातून जात होते, मागे ठोकळ्यांचा सडा. मग ट्रॅकवरचे ठोकळे झाडून काढावे लागले. हॅमिल्टन चाळिशीचा, सात वेळा जगज्जेता, तो म्हणाला की इतकी मजा कुठल्याच मिरवणुकीत आली नव्हती. ठरवलेलं फक्त गाड्यांपर्यंत होतं, पुढचं सगळं त्यांचं.

आणि लँडो नॉरिसनं २०२३ ला हंगेरीत विजेत्या व्हर्स्टॅपनची ट्रॉफी फोडली ती काय ठरवून? शॅम्पेनची बाटली जमिनीवर आपटून फेस उडवायची त्याची सवय. आपटली, आणि शेजारच्या पायरीवरची ट्रॉफी पडून दोन तुकडे. हेरेंडच्या चिनी मातीची, हातानं रंगवलेली. कारागिरांची कित्येक महिन्यांची मेहनत. त्या कारागिरांसाठी मला वाईट वाटलं, त्यांनी नंतर नवी घडवून दिली.

कडेचा बाक

शुमाकरचा एक राहिला. डिसेंबर २००७. मायकल शुमाकर बायको-मुलांबरोबर जर्मनीतल्या कोबुर्गजवळ एका खेड्यात कुत्र्याचं पिल्लू आणायला गेला होता. परत विमान गाठायचं, आणि टॅक्सी वेळेत पोचेना. त्यानं ड्रायव्हरला विनंती केली, मी चालवू का? आणि टॅक्सीवाला बाजूच्या सीटवर. भाडं साठ युरो झालं, शुमाकरनं वर शंभर युरो बक्षिसी दिली.

मी स्वतः अकरा वर्षं टुरिस्ट गाडी चालवली आहे. आपल्या गाडीची चावी दुसऱ्याच्या हातात देताना जीव कसा होतो ते मला विचारा. पण शुमाकर म्हणाला असता तर मी चावी दिली असती आणि मागे बसलेल्या पिल्लाला मांडीवर घेतलं असतं.

सरळ रेषा

गव्हाची खीर, लेगोचा व्हिडिओ आत्ता पाहिला. माझं म्हणणं मागे घेतो. निदान लेगोपुरतं तरी.

दोन चाकांवरची, एक राहिलं. हेरेसचा संडासाचा किस्सा २५० सीसीच्या शर्यतीतला आहे, तेव्हा तो मोठ्या गटात आला नव्हता. तेवढं घाला.

दोन चाकांवरची

बरोबर, २५० सीसी. त्याच वर्षी तो त्या गटाचा जगज्जेता झाला. धन्यवाद.

सांगलीची आजी

नातवाला गाढवाचे कान लावलेला फोटो दाखवला. तो म्हणतो या वर्षी गॅदरिंगला तेच कान लावणार. पुठ्ठा आणलाय. कान किती लांब ठेवायचे?

दोन चाकांवरची

आजी, एक वीत पुरेल. आत तार घाला, नाहीतर वाकतात. फोटो पाठवा हं.